कोचीत खरेदी आणि जेवण: फोर्ट कोची की मट्टांचेरी?

कोचीच्या या दोन जुन्या वस्त्यांत जेमतेम दोन किलोमीटरचे अंतर असले, तरी त्यांच्या बाजारांचा स्वभाव अगदी वेगळा आहे. फोर्ट कोचीत प्रिन्सेस स्ट्रीटच्या आसपास कपडे, दागिने आणि हस्तकलेची दुकाने आहेत. बर्गर स्ट्रीटवरील काशी आर्ट कॅफेत चित्रे पाहत निवांत न्याहारी करता येते. मासे पकडण्याच्या किनाऱ्यावरील चिनी जाळ्यांजवळ ताजी मासळी विकत घेऊन ती शेजारीच शिजवून घेण्याची सोयही आहे. मात्र मासळीचा आणि शिजवणावळीचा दर आधीच ठरवून घ्यावा.

मट्टांचेरीत १५६८ सालच्या ‘परदेशी सिनेगॉग’ या ज्यूंच्या प्रार्थनास्थळाकडे जाणाऱ्या ज्यू टाऊनच्या गल्लीत मिरी, वेलदोडा, जायपत्री आणि सुंठ यांचा वास पर्यटकाच्या आधी पोहोचतो. येथील जुन्या वस्तूंची दुकाने डोळ्यांना सुखावतात. पण तेथे दिसणारी प्रत्येक वस्तू खरोखरच जुनी असते, असे मानू नये. जेवणासाठी कायीज रहमतुल्ला हॉटेलातील लहान दाण्याच्या तांदळाची बिर्याणी दुपारी लवकर गाठावी. वेळ एकाच वस्तीपुरता असेल, तर गोडा मसाला घरी करणाऱ्यांनी निःसंकोच मट्टांचेरी निवडावी.