किनाऱ्यावरच्या सावलीच्या बागेसाठी स्थानिक रोपांची रोपवाटिका
अमेरिकेतील ओरेगन राज्याच्या किनाऱ्यावर, उंच स्प्रूस वृक्षांच्या सावलीत आणि खाऱ्या गार वाऱ्यात कमी देखभालीची बाग करायची असेल, तर स्थानिक रोपांची ही छोटी रोपवाटिका मी आवर्जून सुचवेन. येथून आणलेले स्वॉर्ड फर्न (नेच्याचा एक प्रकार) हिवाळाभर हिरवेगार राहिले. त्याच्या पानातील प्रत्येक पर्णिकेच्या (छोट्या उपपानाच्या) बुडाशी कानाच्या पाळीसारखा छोटा भाग बाहेर आलेला असतो, त्यावरून ते चटकन ओळखता येते. सलाल हे झुडूप रुजायला वेळ घेते, पण एकदा जम बसला की जमिनीखालील खोडांनी पसरत जाऊन तणाला फारसे डोके वर काढू देत नाही, शिवाय त्याची काळसर जांभळी फळे खाताही येतात. पहिल्या कोरड्या उन्हाळ्यात पाणी द्यावेच लागेल, हे विक्रेत्यांनी आपणहून सांगितले, याचे मला विशेष कौतुक वाटते. कुंड्यांवरील चिठ्ठ्यांत मात्र खाऱ्या वाऱ्याचा उल्लेख हवा होता.