नव्या म्हणून विकलेल्या जुन्या हार्ड डिस्क : 66,000 रुपयांची फसवणूक

घरचे फोटो आणि पत्नीच्या कामाचे नकाशे ठेवण्यासाठी स्टोरेज सर्व्हर घ्यायचे ठरले, तेव्हा तयार नॅस (घरच्या नेटवर्कला जोडायची साठवणुकीची पेटी) घ्यावा की सुटे भाग आणून स्वतः जोडावा, याचा मी पुरेसा अभ्यास केला होता. नॅस बनवणाऱ्या सिनॉलॉजी कंपनीने 2025 साली आपल्या प्लस मालिकेच्या नव्या मॉडेलांत इतर कंपन्यांच्या डिस्कवर बंधने आणली. ती त्याच वर्षी मागे घेतली गेली, तरी माझा कल तोवर स्वतःच्या जोडणीकडे झुकला होता. तो निर्णय मी आजही चुकीचा मानत नाही. तयार नॅससुद्धा बहुधा डिस्कशिवायच मिळतो, त्यामुळे मला जुन्या डिस्क नव्या म्हणून विकणारा विक्रेता तो घेणाऱ्यालाही असाच लुबाडू शकतो.

मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवरील एका दुकानातून बोर्ड, मेमरी, कॅबिनेट वगैरे 38,500 रुपयांना आणि सीगेटच्या 8 टीबीच्या चार एंटरप्राइज (सतत चालणाऱ्या सर्व्हरसाठीच्या) डिस्क प्रत्येकी 16,500 रुपयांना घेतल्या. एकूण 1,04,500 रुपये एनईएफटीने दिले. पक्के बिल दुसऱ्या दिवशी पाठवण्याचे कबूल केले गेले. आले ते सीरियल नंबर नसलेले कोटेशन. बिलावर प्रत्येक डिस्कचा सीरियल नंबर छापून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

जो क्षण आठवून आजही संताप होतो, तो काउंटरवरचाच आहे. एका डिस्कच्या बाजूच्या स्क्रूच्या छिद्रांभोवती खरवडल्याचे ओरखडे होते आणि आतला धातू चकाकत होता. विचारल्यावर उत्तर आले, ‘टेस्टिंगला लावली होती साहेब, वॉरंटी आमची, एक वर्ष.’ अशा डिस्कवर उत्पादकाची वॉरंटी सहसा पाच वर्षांची असते, हे मला ठाऊक होते. परंतु पिशव्या सीलबंद होत्या आणि दुकानदाराच्या संगणकावर स्मार्ट नोंदीत (डिस्क स्वतःच्या वापराची ठेवते ती नोंद) वापराचे तास शून्य दिसत होते. एवढी तपासणी करूनही ग्राहकालाच निष्काळजी ठरवणाऱ्यांनी सांगावे, आणखी काय पाहायला हवे होते?

काही आठवड्यांत एक डिस्क बंद पडली. ती बदलून रेड-झेड1 ची (एक डिस्क गेली तरी डेटा टिकवणाऱ्या मांडणीची) पुनर्बांधणी चालू असतानाच दुसरी गेली आणि संपूर्ण पूल, म्हणजे सर्व डिस्कवरचा एकत्रित साठा, नष्ट झाला. जुने फोटो वेगळ्या डिस्कवर होते म्हणून वाचले. त्यानंतरचे सर्व गेले. रेड, म्हणजे अनेक डिस्कची अशी मांडणी, हा बॅकअप नव्हे.

स्मार्टच्या नोंदी पुसता येतात. सीगेटच्या डिस्कमध्ये फार्म नावाची वेगळी नोंद असते आणि ती स्मार्टमॉनटूल्स या डिस्क तपासणाऱ्या सॉफ्टवेअरच्या 7.4 आवृत्तीपासून वाचता येते. 2025 च्या सुरुवातीला युरोपात नव्या म्हणून विकलेल्या जुन्या डिस्क याच नोंदीमुळे उघड झाल्या. माझ्या डिस्कवर तिथे 26,000 हून अधिक तास निघाले, म्हणजे जवळपास तीन वर्षांचा अखंड वापर. ही तपासणी दुकानातच करा आणि सीरियल नंबर उत्पादकाच्या संकेतस्थळावर टाकून वॉरंटीही पाहा.

पोलीस ठाण्यात मला ऐकवण्यात आले की, माल मिळाला आहे, तेव्हा हा दिवाणी वाद आहे. वापरलेला माल नोंदी पुसून नवा म्हणून विकणे ही फसवणूक नसेल, तर फसवणूक कशाला म्हणायचे? फार्मची छापील नोंद पुढे केली, तर ती हातातही घेतली गेली नाही. हेल्पलाइनवरची तक्रार विक्रेत्याला एकही प्रश्न न विचारता ‘निकाली’ निघाली. प्रत्येक टेबलावर दुसऱ्या टेबलाचे नाव सांगितले गेले आणि दुकान मात्र उघडेच राहिले.

आता जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. 5 लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. एनईएफटीची नोंद, कोटेशन, छिद्रांची छायाचित्रे आणि फार्मच्या नोंदी तक्रारीला जोडल्या आहेत. मागणी पूर्ण 66,000 रुपयांची आणि नुकसानभरपाईची आहे.