बिया वाळवायचं ड्रायर : मार्च ते ऑक्टोबर

सांगलीत राहून वाळवणाला मशीन घेतलं म्हटल्यावर तासगावची नणंद हसलीच. "वहिनी, आमच्या शेडवर टाकायचं की!" तिचं खरंय, तिकडे जाळीवर द्राक्षं पसरली की दोनेक आठवड्यांत बेदाणा होतो. पण मला फळं नाही, बिया वाळवायच्या होत्या, त्याही पावसाळ्यात. मार्चमध्ये ५,८०० रुपयांना पाच ट्रेचं, ३५० वॅटचं ड्रायर घेतलं.

उन्हाळ्यात ते नुसतं ओट्यावरची जागा अडवून बसलं. कलिंगड-खरबुजाच्या बिया गच्चीवर सावलीत फुकटात खडखडीत वाळत होत्या.

जूनमध्ये जांभळं आली आणि पैसे वसूल व्हायला लागले. सासऱ्यांना शुगर आहे, त्यांना चूर्ण हवं असतं (गोळ्या चालूच आहेत, डॉक्टरांनी तशी तंबीच दिलीय). गेल्या वर्षी आठ दिवस ढगाळ राहिलं आणि सुपातल्या सगळ्या बियांवर पांढरी लव आली. यंदा गर नीट चोळून धुतला आणि बिया रात्री ट्रेमध्ये टाकल्या. सकाळी वरचं टरफल तडकलेलं होतं. बत्त्याने हलकं ठोकलं की आतला हिरवट गर मोकळा होतो. तो फोडून पुन्हा मशीनमध्ये घातला. दहा तास चाललं तरी वीज साडेतीन युनिटच्या वर जात नाही.

आता तक्रार. डायलवर ४५ अंश लावलं, आत थर्मामीटर ठेवला, तर ५३! बियांना हा फरक महाग पडतो. भोपळ्याच्या बीतलं मॅग्नेशियम, झिंक उष्णतेने कुठे जात नाही. नासतं ते तेल. जास्त उष्णता आणि हवा मिळाली की ते खवट होतं, आणि त्यातलं ई जीवनसत्त्वही कमी होत जातं. पहिला घाणा मी ६० वर काढला होता. महिन्याभरात डबा उघडला तर जुन्या शेंगदाण्यासारखा वास.

पंखा खाली असल्याने खालचा ट्रे आधी वाळतो, म्हणून दर दोन तासांनी ट्रे वरखाली करावे लागतात. खरबुजाच्या बिया तर जाळीतून थेट पंख्यात पडतात. मच्छरदाणीचा तुकडा अंथरते, आता पडत नाहीत.

ऑगस्टमधली चूक मात्र माझीच. भोपळ्याच्या बिया कोमट असतानाच डब्यात भरल्या. झाकणाला आतून घाम सुटला आणि पंधरा दिवसांत काळी-हिरवी बुरशी. सासूबाई म्हणाल्या, "भाजून घे की." नाही घेतल्या. बुरशीचं विष भाजून जात नाही, म्हणून डबाभर बिया कचऱ्यात. आता पूर्ण गार झाल्यावर बी वाकवून बघते. कट्कन मोडली तरच डबा, नुसती वाकली तर परत ट्रेमध्ये.

सध्या सीताफळं चालू आहेत. त्यांच्या बिया आम्ही खायला ठेवत नाही, विषारी असतात. डोळ्यात कणभर पूड गेली तरी इजा होते.

डायलचं विचारायला विक्रेत्याला तीन फोन केले. उत्तर एकच, मशीन पुण्याला पाठवा, भाडं तुमचं. पाठवलं नाही. जिथे खरे ४५ येतात तिथे डायलवर नेलपॉलिशचा लाल ठिपका देऊन टाकलाय.