स्वस्त इलेक्ट्रिक कार: एलएफपी बॅटरीवाली घ्यावी की एनएमसीवाली?

धाकट्या बहिणीचं दोन गाड्यांवर अडलंय, बजेट सेम पण एकीत एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरी अन् दुसरीत एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्टवाली). तिला म्हटलं जाहिरातीतली रेंज आधी बाजूला ठेव.

एलएफपीत निकेल-कोबाल्ट नसतं म्हणून ती बनवायला स्वस्त पडते, टिकायला पण तीच भारी, साधारण २०००-३००० चार्जिंग सायकल (पूर्ण भरून पूर्ण वापरली की एक सायकल) काढते, एनएमसी त्याआधीच थकायला लागते.

रोजच्या वापरात खरा फरक कळतो. एलएफपी बिनधास्त १००% भरायची, उलट आठवड्यातून एकदा फुल केलेलीच बरी, कारण तिचं व्होल्टेज बराच वेळ जवळपास सारखंच राहतं आणि मग किती चार्ज उरलाय याचा गाडीचा अंदाज चुकत जातो. एनएमसी मात्र रोज ८०% च्या आसपास थांबवायची, फुल फक्त लांब जायच्या आधी. हे कुणी नीट सांगतच नाही आणि चांगली बॅटरी लवकर म्हातारी होते, खूप वाईट वाटतं.

तेवढ्याच वजनात रेंज एनएमसीची जास्त, कडाक्याच्या थंडीत चार्जिंग पण तिचंच बरं.

रोजचं ठरलेलं अंतर असेल आणि गाडी आठ-दहा वर्षं ठेवायची असेल तर एलएफपीच घ्या. सारखा हायवे किंवा बर्फाळ थंडी असेल तर एनएमसी. बहिणीला मी एलएफपीच सांगितली.