स्पर्स की वॉरियर्स? हंगामागणिक इतिहास वाचायला कुठला संघ घ्यावा

एनबीए या उत्तर अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमधल्या एखाद्या संघाचा इतिहास पहिल्या हंगामापासून वाचायचं मनावर घेतलं, की बहुतेकांचा हात आधी सेल्टिक्स नाहीतर लेकर्सकडे जातो. विजेतेपदांचा ढीग तिथेच आहे. पण ज्याला संघ कसा घडतो, कसा मोडतो आणि पुन्हा कसा उभा राहतो हे बघायचंय, त्याला मी सॅन अँटोनियो स्पर्स किंवा गोल्डन स्टेट वॉरियर्स घ्यायला सांगेन. पाच विजेतेपदं एकाकडे, सात दुसऱ्याकडे. शिवाय दोघांच्या हंगामवार जय-पराजयांच्या तक्त्यात एक जागा चकित करण्याइतकी सारखी आहे. एक अगदी तळाचा हंगाम, आणि त्यानंतर दुसऱ्याच हंगामात विजेतेपद. स्पर्सचं 1996-97 आणि 1998-99, वॉरियर्सचं 2019-20 आणि 2021-22. निवड करायची तर या दोन जोड्यांपासूनच करावी.

आधी स्पर्स. 1995-96ला 59 विजय, आणि पुढच्याच ओळीत 20-62, म्हणजे 20 विजय आणि 62 पराभव. ही ओळ मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा छापण्यात चूक झाली असावी असंच वाटलं. चूक नव्हती. डेव्हिड रॉबिन्सन दुखापतींमुळे अख्ख्या हंगामात फक्त 6 सामने खेळला आणि शॉन एलियटही बराच काळ बाहेर होता. संघाचा सर्वाधिक सरासरी गुण करणारा खेळाडू होता 37 वर्षांचा डॉमिनिक विल्किन्स. 3-15 अशी सुरुवात झाल्यावर प्रशिक्षक बॉब हिल यांना काढलं आणि जनरल मॅनेजर ग्रेग पॉपोविच स्वतःच बाकावर येऊन बसले. उरलेल्या सामन्यांत त्यांचा हिशेब 17-47. पुढे एनबीएत सर्वाधिक विजय ज्याच्या नावावर लागले, त्या प्रशिक्षकाची ही सुरुवात! मग 1997ची ड्राफ्ट लॉटरी, म्हणजे नवे खेळाडू निवडण्याचा क्रम ठरवणारी सोडत. पहिला क्रमांक मिळण्याची सर्वाधिक संधी बॉस्टनला होती, लागला स्पर्सला, आणि टिम डंकन आला. पुढची ओळ 56-26. त्याच्या पुढची 37-13 आणि विजेतेपद.

आता वॉरियर्स. 2019च्या अंतिम मालिकेत क्ले थॉम्पसनचा गुडघा गेला, केविन ड्युरांट संघ सोडून गेला, आणि नव्या हंगामाच्या चौथ्याच सामन्यात स्टीफन करीचा हात मोडला. सलग पाच वर्षं अंतिम फेरी खेळलेला संघ 15-50वर आला. महामारीमुळे तो हंगाम त्यांच्यासाठी तिथेच संपला. यांनाही ड्राफ्टमध्ये वरचा, म्हणजे दुसरा क्रमांक मिळाला. पण 2022चं विजेतेपद त्या निवडीच्या जोरावर आलं नाही. करी, थॉम्पसन आणि ड्रेमंड ग्रीन ही जुनीच माणसं परतली, त्यांना अँड्र्यू विगिन्स आणि जॉर्डन पूलची जोड मिळाली, आणि अंतिम मालिकेत त्यांनी बॉस्टनला 4-2 हरवलं.

म्हणजे वरवर एकच गोष्ट, आतून दोन. स्पर्सला नवा माणूस मिळाला आणि त्याच्याभोवती घडी बसली. वॉरियर्सनी जुनी घडी मोडू दिली नाही. यातलं तुम्हाला काय जास्त ओढून घेतं, त्यावर तुमचा संघ ठरेल.

स्पर्सचा तक्ता वाचायला सोपा आहे, कारण प्रत्येक ओळीचं कारण आधीच्या ओळींत सापडतं. 1967मध्ये एबीए या दुसऱ्या लीगमध्ये डॅलस चॅपरल्स म्हणून सुरुवात, 1973ला सॅन अँटोनियो, 1976ला एनबीए. जॉर्ज गर्विनचा काळ जरूर वाचा. 1977-78च्या शेवटच्या दिवशी डेन्व्हरच्या डेव्हिड थॉम्पसनने दुपारी 73 गुण केले होते. हंगामातल्या सर्वाधिक सरासरी गुणांचा मान हातचा जाऊ नये म्हणून रात्री गर्विनने 63 केले, त्यातले 33 एकट्या दुसऱ्या क्वार्टरमध्ये. पुढे रॉबिन्सनच्या पहिल्या हंगामात 21 विजयांवरून थेट 56. आठ वर्षांनी डंकनच्या पहिल्या हंगामातही नेमके 56.

त्यानंतर 1999-2000 ते 2016-17 अशा सलग अठरा हंगामांत प्रत्येकी 50 किंवा त्याहून जास्त विजय. काहींना हा भाग सपाट वाटतो. मला तो सगळ्यांत श्रीमंत वाटतो, कारण ओळ तशीच राहते आणि आतला खेळ बदलत जातो. टोनी पार्कर 28व्या क्रमांकावर निवडलेला, मनू जिनोबिली 57व्या. दोघंही अमेरिकेबाहेर घडलेले. बास्केटकडे पाठ करून उभ्या डंकनकडे चेंडू टाकून चालणारा संथ खेळ हळूहळू वेगवान पासिंगचा होतो. 2013 आणि 2014 या ओळी तर एकत्रच वाचायला हव्यात. 2013च्या अंतिम मालिकेत मायामीविरुद्ध स्पर्स 3-2 पुढे होते. सहाव्या सामन्यात अर्धा मिनिटही उरलेलं नव्हतं, स्पर्स पाच गुणांनी पुढे होते, करंडकासाठी कोर्टभोवती पिवळी दोरी लावायला माणसं आली होती. मग मायामीच्या रे ॲलनचा कोपऱ्यातून तीन गुणांचा शॉट, 5.2 सेकंद बाकी असताना. हातातोंडाशी आलेला घास गेला. पुढच्या वर्षी त्याच मायामीला त्यांनी 4-1 हरवलं.

वॉरियर्सचा तक्ता लांब आहे आणि धीर बघणारा आहे. सुरुवातच लीगच्या पहिल्या हंगामापासून. 1946-47, शहर फिलाडेल्फिया, आणि पहिलंच विजेतेपद. 1961-62मध्ये विल्ट चेंबरलेनची सरासरी 50.4, त्यात 2 मार्च 1962ला हर्शीमध्ये केलेले 100 गुण. त्याच वर्षी संघ सॅन फ्रान्सिस्कोला हलला. 1963-64ला 48 विजय आणि अंतिम फेरी, पुढच्या हंगामात चेंबरलेनला विकलं आणि 17-63. 1975ला विजेतेपद, तेही अंतिम मालिकेतले घरचे सामने दुसऱ्याच मैदानावर खेळून, कारण त्यांचं स्वतःचं मैदान आधीच बर्फावरच्या एका कार्यक्रमाला दिलेलं होतं. मग पुढचं विजेतेपद थेट 2015ला. मधली चाळीस वर्षं. त्यात 1994-95 ते 2005-06 या बारा हंगामांत एकदाही प्लेऑफ, म्हणजे साखळीनंतरची विजेतेपदाची फेरी, नाही.

ही बारा वर्षं वगळून वाचू नका. ती वाचली तरच 2006-07ची 42-40 ही साधी ओळ अंगावर येते. लीगच्या आपल्या विभागातून आठव्या, म्हणजे शेवटच्या क्रमांकाने प्लेऑफमध्ये कसाबसा आत शिरलेला संघ, समोर 67-15 असा डॅलस, आणि निकाल 4-2 वॉरियर्सच्या बाजूने. त्याच्या पुढची ओळ आणखी चटका लावणारी. 2007-08ला 48-34, तरी प्लेऑफ नाही. हा आकडा ओळखीचा वाटतो ना? 1974-75चं विजेतेपदही 48-34वरच आलं होतं. विजयांच्या रकान्याशेजारी लीगमधली त्या वर्षीची स्थिती का बघायची, ते या दोन ओळींनी मला शिकवलं. हंगामांची लांबीही तपासत चला. एरवीच्या 82ऐवजी 1998-99ला 50च सामने होते आणि 2011-12ला 66. स्पर्सचं 2011-12चं 50-16 म्हणूनच थक्क करतं.

वेळ कमी असेल आणि संघबांधणी समजून घ्यायची असेल, तर स्पर्स घ्या. 1967पासून नको, 1996-97पासून सुरू करा आणि मग मागे जा. 2022-23 आणि 2023-24 या शेजारच्या ओळीही बघा. दोन्ही 22-60. मध्ये व्हिक्टर वेम्बान्यामा हा मोठा नवा खेळाडू आला, तरी आकडा हलला नाही. रॉबिन्सन आणि डंकनच्या पहिल्या हंगामांशी हे ताडून पाहिलंत, तर त्या दोघांना आसपास काय मिळालं होतं ते कळतं. ज्यांना अख्ख्या लीगचं वय एका संघात बघायचंय आणि वाट बघायची तयारी आहे, त्यांनी वॉरियर्स घ्यावा. निवड एकच करायची म्हटलं तर मी स्पर्स म्हणेन.

आणि तरीही ठरत नसेल, तर दोघांचं 2015-16 शेजारी ठेवा. एकीकडे 73-9, दुसरीकडे 67-15, आणि विजेतेपद दोघांनाही नाही. वॉरियर्सचे प्रशिक्षक स्टीव्ह कर, म्हणजे 1999 आणि 2003च्या विजेत्या स्पर्समधला खेळाडू. 10 एप्रिल 2016ला वॉरियर्स सॅन अँटोनियोत उतरले तेव्हा स्पर्स त्या हंगामात घरी एकही सामना हरले नव्हते, आणि वॉरियर्सनी तिथे साखळी सामना जिंकल्याला एकोणीस वर्षं झाली होती. करीचे 37 गुण, निकाल 92-86, वॉरियर्सचा 72वा विजय. त्या रात्री तुमचं मन कुणाच्या बाजूने झुकतं ते बघा आणि त्याच संघाचा तक्ता उघडा.