क्यूसाठी कडक ट्यूबवाली केस: एक अख्खा पावसाळा वापरून

आधी निकाल सांगून टाकतो. क्यू, म्हणजे पूल या टेबलावरच्या खेळाची काठी, ठेवायची ही केस चांगली आहे, तिचा पट्टा भिकार आहे, आणि चामड्याच्या मोहात पडलो नाही हे बरं झालं. फेब्रुवारीत घेतली, आता दिवाळी उलटून गेली. म्हणजे उन्हाळा, पाऊस आणि ऑक्टोबरचा चटका असं सगळं तिने सोसलंय. मी राहतो ठाण्याला आणि पूल खेळायला जातो दादरला, आठवड्यातून दोन-तीनदा, बहुतेक वेळा लोकलने. ज्यांची क्यू गाडीच्या डिकीतून फिरते त्यांना पुढचं निम्मं लागू होणार नाही. पण उरलेलं निम्मं त्यांनी जरा जास्तच लक्ष देऊन वाचावं, कारण डिकीचा त्रास वेगळाच असतो.

केस आहे ‘दोन बाय चार’. दुकानात हे आकडे पटापट फेकले जातात, म्हणून सांगतो: पहिला आकडा बटांचा (क्यूचा मागचा जाड तुकडा), दुसरा शाफ्टचा (पुढचा निमुळता तुकडा). दोन बट, चार शाफ्ट. माझ्याकडे खेळायची एक क्यू आहे, तिला मेपलच्या लाकडाचा एक शाफ्ट आणि कार्बन फायबरचा एक. शिवाय ब्रेकची, म्हणजे डावाचा पहिला फटका मारायची क्यू, आणि बॉल उडवून मारायची एक आखूड जंप क्यू. आमच्या पूल पार्लरमध्ये जंप मारायला बंदी आहे (टेबलाचं कापड फाटतं म्हणून मार्कर, म्हणजे टेबलं सांभाळणारा माणूस, अंगावर येतो), तरी स्पर्धेला लागते म्हणून ती सोबत असते. जंप क्यू पूर्ण जोडून ४० इंचांपेक्षा आखूड चालत नाही असा नियम आहे, त्यामुळे तिचा बट जेमतेम फूटभर भरतो. असा आखूड तुकडा ट्यूबमध्ये टाकला की तळाशी जाऊन बसतो. मग केस उलटी करून झटकत बसा, आणि बाकीच्या क्यूही सोबत घसरून बाहेर. काही केसेसमध्ये ट्यूबच्या आत कापडी फीत असते, ती ओढली की तुकडा वर येतो. माझ्या केसला ती नाही. पण मोठा खिसा आहे, आणि जंपचा बट नॅपकिनमध्ये गुंडाळून त्यात व्यवस्थित राहतो. म्हणजे ‘दोन बाय चार’मध्ये तीन क्यू निघाल्या. एकच क्यू आणि एकच शाफ्ट असेल तरी मी ‘एक बाय दोन’ घ्यायला सांगेन, कारण दुसरा शाफ्ट कधी ना कधी घरात येतोच.

खरेदीच्या वेळी सगळ्यात जास्त डोकं लागलं ते लांबीत. आपल्याकडच्या क्लबांवर स्नूकर-बिलियर्ड्सचं राज्य आहे, आणि ते साहजिकच आहे. स्नूकर हा खेळ १८७५ साली जबलपूरच्या फौजी मेसमध्ये जन्मला. पुण्याच्या विल्सन जोन्स यांनी १९५८ मध्ये कोलकात्यात जागतिक हौशी बिलियर्ड्स स्पर्धा जिंकली. पूल आपल्याकडे बराच नंतर रुजला. त्यामुळे दुकानात ‘क्यूची केस दाखवा’ म्हटलं की आधी समोर येते स्नूकरची. स्नूकरच्या बऱ्याच क्यू तीन-चतुर्थांशावर जोडलेल्या असतात, म्हणजे पुढचा तुकडा सव्वातीन-साडेतीन फुटांचा. त्यांची केस लांब आणि चपटी, उघडली की आत फोम. पूलची क्यू ५८ इंचांची आणि मधोमध जोडलेली, म्हणजे दोन तुकडे २९-२९ इंचांचे. ती स्नूकरच्या केसमध्ये ठेवली की आत फूटभर जागा मोकळी राहते आणि प्रत्येक धक्क्याला क्यू खडखडते. उलट स्नूकरची क्यू पूलच्या केसमध्ये जाणारच नाही. दोन्ही खेळणाऱ्यांना दोन केस घ्याव्या लागतात. याला इलाज नाही.

पण ‘२९ इंच’ हाही पुरा हिशेब नाही. जॉइंटच्या (बट आणि शाफ्ट जोडतात तिथल्या) पिनवर आणि शाफ्टच्या तोंडावर टोप्या लावल्या की लांबी वाढते. बटाच्या बुडाला रबरी बंपर असतो. हल्ली बरेच कार्बन शाफ्ट ३० इंचांचे येतात. केसची आतली लांबी साडेएकोणतीस असेल तर झाकण लागत नाही, किंवा लागतं पण टिपवर (शाफ्टच्या टोकाच्या बोंडावर) दाब देऊन लागतं, आणि ते जास्त वाईट. मी दुकानात टेप घेऊन गेलो होतो. दुकानदार बाहेरची लांबी सांगतो. आतली मोजायची असेल तर सगळ्यात लांब शाफ्ट टोपीसकट आत सोडून पाहावा. माझ्या केसमध्ये ३० इंची शाफ्ट टोपीसह बसतो आणि वर बोटाच्या पेरभर जागा उरते. झाकणाला आतून जाड फोम आहे, त्यामुळे ती उरलेली जागा वाजत नाही.

तशीच रुंदीही पाहावी. बट बुडाशी साधारण सव्वा इंच जाड असतो. रॅप (मुठीवर गुंडाळलेलं आवरण) जाड असेल किंवा बंपरच्या वर लांबी वाढवणारं एक्स्टेंशन बसवलं असेल तर अरुंद ट्यूबमध्ये तो अडकतो, ओढून काढावा लागतो आणि रोज थोडा थोडा घासला जातो. फार सैल असेल तर डुलतो. माझ्या ट्यूब सुट्या सुट्या आहेत, प्रत्येक तुकड्याला स्वतःचं बीळ. स्वस्त केसमध्ये आत फक्त कापडी पडदे असतात. त्यात पिनचं धातूचं टोक शेजारच्या शाफ्टवर आपटतं आणि एका प्रवासात बारीक खळगा पडतो. शाफ्टवरचा खळगा बोटाखालून प्रत्येक फटक्याला जाणवतो. बटावर ओरखडा आला तर मला फारसं वाईट वाटत नाही, शाफ्टवर आला तर जेवण जात नाही.

आता पावसाळा. केस घेताना सगळे विचारतात, ‘पडली तर काय होईल?’ माझ्या मते आपल्या किनारपट्टीवर तो दुय्यम प्रश्न आहे. लाकडी शाफ्ट मोडून फेकून दिलेले मी फार पाहिले नाहीत, वाकले म्हणून बाजूला पडलेले मात्र पार्लरच्या कोपऱ्यात ढिगाने आहेत. हवेतली आर्द्रता ५० टक्के असते तेव्हा लाकडात त्याच्या कोरड्या वजनाच्या साधारण ९ टक्के पाणी असतं. ती ८० टक्क्यांवर गेली की हेच प्रमाण १६ टक्क्यांच्या आसपास जातं. लाकूड लांबीत जवळजवळ वाढत नाही, जाडीत फुगतं. एका अंगाने जास्त ओल लागली, दुसऱ्या अंगाने कमी, की शाफ्टला बाक येतो. क्यू भिंतीला तिरकी टेकवून महिनाभर ठेवणं म्हणजे त्या बाकाला आमंत्रणच. ट्यूबमध्ये तिला झुकायला जागा नसते, हा कडक केसचा फायदा कुणी जाहिरातीत सांगत नाही.

दुसरी गोष्ट मला जूनमध्ये कळली. पार्लरमध्ये एसी २३ अंशांवर असतो आणि बाहेर हवा घामट. जुलैत मुंबईचा दवबिंदू २५ अंशांच्या आसपास असतो. म्हणजे तीन तास एसीत गार झालेली क्यू तशीच बाहेर आणली तर तिच्यावर चक्क दव धरतं. पिन ओलसर लागते, फिनिशवर धुकं येतं. म्हणून क्यू आतच, एसीत, कोरड्या कापडाने पुसून केसमध्ये घालायची आणि झाकण लावूनच बाहेर पडायचं. घरी आल्यावर लगेच उघडायचं नाही, तासभर तशीच राहू द्यायची. जाड भिंतीच्या केसमध्ये आतलं लाकूड हळूहळू बाहेरच्या तापमानाला येतं. कापडी केस इतक्या लवकर तापते की हा उपाय तिच्यात अर्धवटच चालतो. एवढ्या एका कारणासाठीही मी पुन्हा कडकच घेईन.

मात्र बंद केस दुधारी आहे. ओली क्यू आत घातली तर ओलही आतच राहते. घामट हाताने पकडलेला लिननचा रॅप असेल तर विचारूच नका, वास येतो. मी खिशात आणि झाकणाखाली सिलिका जेलच्या पुड्या ठेवतो. रंग बदलणारे नारिंगी मणी मिळतात. हिरवे पडले की ओव्हनमध्ये १२० अंशांना तापवून पुन्हा वापरतो. ऐन जुलैत ते आठवड्यालाच हिरवे पडत होते, आता दिवाळीनंतर महिना महिना टिकतात. पावसात केस प्रत्यक्ष भिजली तीही बऱ्याचदा. बाहेरचं रेक्झिन पुसलं की झालं. झाकणाच्या कडेने पाणी आत गेलं नाही, पण खिशाच्या चेनमधून गेलं. टिपला लावायच्या चॉकचे तुकडे त्या दिवशी लगदा झाले.

आमच्यातल्या एका मित्राची केस अस्सल चामड्याची आहे, नक्षीकाम केलेली, माझ्या केसच्या तिप्पट किमतीची. टेबलाशेजारी ठेवली की लोक आधी तिच्याकडे बघतात आणि मग त्याच्या खेळाकडे. ऑगस्टमध्ये तिच्यावर पांढरी बुरशी चढली. पुसून, क्रीम लावून, पंख्याखाली ठेवून त्याने ती वाचवली, पण दर आठवड्याची ती सेवा माझ्याच्याने झाली नसती. पुण्यात, नागपुरात किंवा कायम एसी असलेल्या घरात चामडं आनंदाने घ्या. ठाणे-मुंबई, कोकण, गोवा या पट्ट्यात रेक्झिन किंवा जाड नायलॉन हेच खरं.

लोकलबद्दल थोडं. भरलेली केस चार किलोंच्या वर जाते. एका क्यूचं वजन साधारण अर्धा किलो, बाकीचा सगळा भार केसचाच. गर्दीत ती पाठीवर लावली तर वरचं टोक मागच्याच्या हनुवटीला लागतं, म्हणून पुढे घेऊन उभी धरावी लागते, छत्री धरतो तशी. बूड सपाट आणि रबराचं असल्यामुळे पायापाशी उभी राहते. ही फालतू वाटणारी सोय रोज उपयोगी पडते. गोल बुडाची केस दर स्टेशनला आडवी होते. मेट्रोत स्कॅनरमधून जाताना पडद्यावर पिना आणि बटातले वजनाचे बोल्ट स्पष्ट दिसतात. पहिल्यांदा सुरक्षारक्षकाने विचारलं, ‘साहेब, यात नेमकं काय आहे?’ उघडून दाखवलं. आता तोच विचारतो, ‘काय, आज जिंकलात का?’ स्कूटरवर मात्र ही केस घेऊन मागे कुणाला बसवू नका.

विमानाने एकदाच नेली, गोव्याला. पूल क्यू केबिनमध्ये नेता येत नाही, बॅट आणि हॉकी स्टिकसारखी तीही निषिद्ध वस्तूंच्या यादीत आहे. चेक-इनमध्येच द्यावी लागते. केस चादरीत गुंडाळून मोठ्या बॅगेत तिरकी बसवली, खिसे रिकामे केल्यावरच बसली. क्यू सुखरूप पोचल्या.

चॉकचा त्रास सगळ्याच ट्यूब केसना आहे. शाफ्ट टिप खाली करून आत जातो, टिपवरची निळी पूड तळाशी साचते आणि अस्तराला लागते. हे चॉक म्हणजे शाळेतला खडू नाही, त्यात सिलिका आणि कुरुंदासारखी कडक द्रव्यं असतात, म्हणजे बारीक पॉलिश पेपरच. तेच अस्तर रोज शाफ्टला घासतं. मेपलचा शाफ्ट निळसर होतो तो अर्धा टेबलावर आणि अर्धा केसमध्ये. मी टिप पुसूनच शाफ्ट आत घालतो, आणि महिन्यातून एकदा पडद्याच्या जुन्या दांड्याला मऊ कापड बांधून ट्यूब आतून पुसतो. व्हॅक्यूम क्लीनरची बारीक नळी असेल तर उत्तम. केस घेताना अस्तर गडद रंगाचं आणि घट्ट चिकटवलेलं आहे ना, हे टॉर्च मारून पाहा. माझ्या एका ट्यूबचं अस्तर तोंडाशी सुटायला लागलं होतं, फेविबॉण्डने चिकटवलं, तेव्हापासून टिकलंय.

आता पट्टा. त्याचा फिरता हुक कसल्यातरी पातळ धातूचा होता. मे महिन्यात त्याला गंज दिसला आणि जुलैत तो प्लॅटफॉर्मवर उघडला. केस बुडावर आपटली, आत काही झालं नाही, म्हणजे ट्यूबची परीक्षा तिथेच झाली. विक्रेत्याकडे चौकशी केली, तर पट्टा वॉरंटीत येत नाही म्हणे. चर्मकाराकडून पितळी हुक आणि जाड कॅनव्हासचा रुंद पट्टा करून घेतला, अडीचशे रुपयांत. आठ हजारांच्या केसला कंपनीने हे आधीच द्यायला हवं होतं. खिशाच्या चेनचा एक दाताही सुटलाय, पण ती अजून चालते.

कापडी केस कुणाला पुरेल? ज्याच्याकडे कार्बनचाच शाफ्ट आहे, जो गाडीने जातो आणि घर-पार्लर याखेरीज कुठे जात नाही, त्याने हजार-दीड हजाराची जाड फोमची घ्यावी. कार्बन दमटपणाने वाकत नाही. पण उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत कुठलीच केस ठेवू नका. तापल्यावर टिपचा, फेरुलचा (टिपखालच्या कड्याचा) आणि जॉइंटच्या रिंगांचा गोंद मऊ पडतो, आणि तिथे कार्बन असो की मेपल, फरक नाही.

जुनी केस घेत असाल तर झाकण उघडून आधी वास घ्या. कुबट वास आला तर अस्तराखाली बुरशी आहे असं समजा आणि किंमत कितीही उतरवली तरी सोडून द्या, ती ट्यूबच्या आतून काढता येत नाही.