बास अ‍ॅम्पचे अकरा महिने : गुणगुण, खरखर आणि मागच्या बाजूचा एक जॅक

गणपती तोंडावर आलेले असताना माझ्या बास गिटारच्या अ‍ॅम्पचा आवाज खरखरू लागला आणि सेवा केंद्राने दुरुस्तीचा खर्च ७,४०० रुपये सांगितला. गेल्या नोव्हेंबरात २९,५०० रुपयांना घेतलेल्या या अ‍ॅम्पच्या वॉरंटीचे वर्ष तेव्हा पुरे व्हायचे होते. तरीही ‘दमटपणामुळे झालेला दोष वॉरंटीत बसत नाही, प्रीअ‍ॅम्पचा अख्खा बोर्ड बदलावा लागेल’ असे उत्तर मिळाले. प्रीअ‍ॅम्प म्हणजे बासचा क्षीण सिग्नल आधी वाढवून घेणारा भाग. त्याच्यापुढचा पॉवर अ‍ॅम्प स्पीकर हलवतो. मी रत्नागिरीत राहतो. इथे वर्षातले चार महिने कपडे वाळत नाहीत, आणि हे विकणाऱ्यालाही ठाऊक असते. शेवटी तोच दोष मी घरी ३५० रुपयांत दूर केला. तो कसा, हे सविस्तर लिहिण्याआधी नोव्हेंबरपासूनचा क्रम सांगणे भाग आहे, कारण या अ‍ॅम्पवर मी आधी एक आरोप केला होता आणि तो चुकीचा ठरला.

शंभर वॉट, बारा इंची स्पीकर, क्लास डी, उंच स्वरांसाठीचा छोटा स्पीकर म्हणजे ट्वीटर आणि मागे इफेक्टची यंत्रे जोडण्यासाठी इफेक्ट लूप अशा कॉम्बोची, म्हणजे एकाच पेटीतल्या अ‍ॅम्प-स्पीकरची, बाकीची वैशिष्ट्ये बासवादकांना माहीत असतातच. पहिल्या दिवसापासून माझी तक्रार होती ती गुणगुणीची. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे ही गुणगुण ५० आणि १०० हर्ट्झवर बसते. जाड ई तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरचा जी ४९ हर्ट्झचा आणि मोकळी जी तार ९८ हर्ट्झची, म्हणजे गुणगुण नेमकी जी स्वराच्या डोक्यावर, पण किंचित चढी. मोकळी जी तार छेडून लांबवली की स्वर स्थिर राहत नसे, सेकंदाला दोनदा हेलकावत असे. कितीतरी दिवस मला वाटत होते की माझे ट्यूनिंगच चुकते आहे.

केबल बदलल्या, काही फरक पडला नाही. बासची केबल काढून टाकली की गुणगुण जवळजवळ नाहीशी होई, म्हणजे ती बासच्या वाटेने आत येत होती. माझा बास फेंडरच्या ‘जॅझ बास’ या मॉडेलच्या धर्तीचा, दोन सिंगल कॉइल पिकअपचा आहे. पिकअप म्हणजे तारांची कंपने टिपणारे, चुंबक आणि तारेचे वेटोळे असलेले भाग. या पिकअपची वेटोळी परस्परविरुद्ध दिशेची आणि चुंबकेही उलट ध्रुवांची असतात, त्यामुळे दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडले की गुणगुण एकमेकांत विरते आणि एक जरी कमी केला तरी परत येते. १९६० साली जॅझ बास बाजारात आला तेव्हापासून वादक हे सोसत आले आहेत. पण माझ्या घरी दोन्ही व्हॉल्यूम उघडे असतानाही ती पुरती जात नव्हती. पंख्याचा जुना इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर मधल्या वेगावर ठेवला की तिच्यात एक चरचरही मिसळे. पंखा पूर्ण वेगाने सोडला की चरचर थांबे, कारण असा रेग्युलेटर मधल्या वेगांवर विजेची लाट दर अर्ध्या फेऱ्यात कापतो. तो बदलून कपॅसिटरवर चालणारा स्टेप रेग्युलेटर बसवला. चरचर गेली, गुणगुण राहिली आणि उन्हाळा चढेल तशी वाढत गेली. मार्चमध्ये मी मित्रांना सांगून मोकळा झालो की हा अ‍ॅम्प घेऊ नका.

एप्रिलमधल्या एका संध्याकाळी अनवाणी पायांनी ओल्या लादीवर उभा राहून वाजवत होतो. डाव्या मनगटाची आतली बाजू तारांना लागली आणि तिथे मुंग्या आल्यासारखे झिणझिणले. दुसऱ्या दिवशी वायरमनला बोलावले. त्यांनी अ‍ॅम्प चालू ठेवून त्याच स्विचबोर्डवर न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात मीटर लावला, तर आकडा शंभराच्या वर. तो दोन-चार व्होल्टच्या आत असायला हवा.

“दादा, अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी कधी घातलंत?” त्यांनी विचारले.

खड्डा कुठे आहे हेच मला माहीत नव्हते. तो घरामागे तुळशीजवळ पाचोळ्याखाली सापडला. पाइपला जोडलेली तार गंजून तुटलेली होती आणि टोकाला हिरवट भुकटी उरली होती. जांभ्याची जमीन उन्हाळ्यात कोरडी ठणठणीत होते, पाण्याचा अंश राहत नाही आणि अर्थिंग निकामी होत जाते. माझ्या अंदाजाने तार अखेरच्या धाग्यांवर तग धरून असावी, आणि म्हणूनच गुणगुण उन्हाबरोबर वाढली. नवी तार, नवा क्लॅम्प, कोळसा, मीठ आणि मजुरी मिळून १,८०० रुपये झाले. मीटरचा आकडा दोनच्या खाली आला आणि दोन्ही पिकअप उघडे ठेवले की गुणगुण कान लावून शोधावी लागते. मार्चमधले माझे मत मी इथे मागे घेतो : दोष घराचा होता, अ‍ॅम्पचा नव्हता.

गुणगुण घालवण्यासाठी प्लगचा अर्थचा पिन काढायचा किंवा टू-पिन अडॅप्टर लावायचा, हा सल्ला मला दोघा अनुभवी वादकांनी दिला होता. कृपा करून तो कोणीही मानू नये. १९७२ साली वेल्समधील स्वान्सी येथे स्टोन द क्रोज या बँडचा गिटारवादक लेस हार्वी अर्थिंग नसलेल्या मायक्रोफोनला हात लागून मंचावरच मरण पावला. आपल्या मंडपांतली, जनरेटरवरची वायरिंग पाहता हे आपल्यापासून फार लांबचे नाही.

आता तो जॅक. जुलैच्या मध्यावर आवाज मधूनच दबू लागला. जोरात वाजवले की खरखर होऊन तो एकदम परत येई आणि हळू वाजवले की पुन्हा बुडे. गेन (प्रीअ‍ॅम्पची पातळी) आणि मास्टर (एकूण आवाज) फिरवून पाहिले, नॉब खरखरत नव्हते. केबल आणि बास दुसऱ्या अ‍ॅम्पवर ठणठणीत वाजत होते. सेवा केंद्र कोल्हापूरला असल्यामुळे एस.टी.ने अ‍ॅम्प घेऊन गेलो, आंबा घाट दोनदा पार केला आणि उत्तर मिळाले ते वर लिहिलेच आहे. बोर्डवर नेमके काय बिघडले आहे, हे तिथे कोणी मोजून दाखवले नाही.

परतीच्या वाटेवर विचार करत होतो की आवाज बुडतो तेव्हा प्रीअ‍ॅम्प बंद पडतो की त्याचा आवाज पुढे पोचत नाही? इफेक्ट लूपमध्ये सेंड आणि रिटर्न असे दोन जॅक असतात. लूपमध्ये काही लावलेले नसेल, तर प्रीअ‍ॅम्पचा सिग्नल रिटर्न जॅकच्या आतल्या एका पातळ स्प्रिंगच्या पट्टीतून पॉवर अ‍ॅम्पकडे जातो. प्लग घातला की पट्टी उचलली जाते, काढला की पुन्हा टेकते. मी लूप कधी वापरलाच नव्हता, म्हणजे ती पट्टी आठ महिने जागची हललेली नव्हती आणि तिच्यावर खारा वारा बसत होता. जो लूप वापरतो त्याची पट्टी दर वेळी घासून स्वच्छ होते. जो वापरत नाही त्यालाच हा त्रास अधिक.

घरी येऊन सेंडमधून रिटर्नमध्ये एक वीतभर पॅच केबल लावली. आवाज भरून आला, तासभर वाजवले तरी एकदाही बुडाला नाही. केबल काढली, दोन मिनिटांत खरखर. निदान झाले होते. मग अ‍ॅम्प बंद करून, मुख्य केबल काढून, रिटर्न जॅकमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारला आणि प्लग तीसेक वेळा आत-बाहेर केला. बाहेर आलेल्या प्लगच्या टोकावर काजळीसारखी काळी रेघ उमटली होती. ती पुसून पुन्हा तसेच केले, रेघ फिकट झाली. अर्धा तास सुकू देऊन अ‍ॅम्प लावला. तेव्हापासून आज ऑक्टोबर उजाडला, गणपती आणि नवरात्राचे नऊ कार्यक्रम झाले, एकदाही तक्रार नाही. मला राग आहे तो याचाच की वीतभर केबलची ही चाचणी करायला एक मिनिट लागते आणि ती न करता गिऱ्हाइकाला बोर्ड बदलायला सांगितले जाते.

उरलेले आवाज किरकोळ आहेत. जाड तारेच्या पाचव्या फ्रेटवर होणारी झणझण स्वयंपाकघरातल्या ताटाळ्याची निघाली, आणि जाळीचा एक स्क्रू सैल होता तो आवळला. ट्वीटरची सूं सूं मात्र या अ‍ॅम्पला आहे. गेन वाढवून मास्टर कमी ठेवला तर ती घटते. बंद खोलीत सरावाच्या वेळी मी ट्वीटर बंदच करतो.

या किमतीत मी हाच अ‍ॅम्प पुन्हा घेईन. समुद्रालगत राहणाऱ्यांनी घेतला तर लूप वापरात असो वा नसो, महिन्यातून एकदा रिटर्न जॅकमध्ये प्लग दहा वेळा आत-बाहेर करावा. ती वीतभर केबल मी मागच्या कप्प्यात ठेवून दिली आहे, कार्यक्रमाच्या मध्येच आवाज बुडाला तर दहा सेकंदांत लावता येते.